दर रविवारचं तेल

कुणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी कानशिलं तापतात. मग मी मागायच्या ऐवजी भांडल्यासारखं बोलते. नवऱ्याच्या आजारपणात धाकट्या भावाला फोन केला तेव्हाही तसंच झालं. "रविवारी गाडी मोकळी असेल तर बघ, नसेल तर राहू दे, माझं काही अडलेलं नाही," असं मी त्याला ऐकवलं. खरं तर सगळंच अडलं होतं. त्याने माझं बोलणं पुरं होऊ दिलं आणि म्हणाला, "ताय, चावी दाराच्या खुंटीवर असते. घेऊन जात जा."

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तो रोह्यात, माझ्या नणंदेकडे जेवायला गेलो होतो तेव्हा. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यातून सुटल्यावर रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सुरू केले. त्यांच्याच टेबलावर एका सकाळी ह्यांचा अंगठा हलला. पेणला घरी आल्यावर मी म्हटलं, इथेही व्यायाम घेणारे आहेत की. तर ह्यांनी डाव्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरातला रविवार दाखवला आणि मान अशी हलवली की पुढे बोलायची सोय राहिली नाही. ज्यांच्या हाताखाली अंगठा हलला त्यांच्याकडेच जायचं. बाहेरगावच्या लोकांसाठी त्या बाई रविवारी दवाखाना उघडा ठेवत. एस.टी.ची पायरी ह्यांना चढता येईना, आणि पेणहून रोह्याला दर आठवड्याला रिक्षा कोण करणार? गाडी चालवायला मी शिकले होते, पण आमच्याकडे गाडी नव्हती.

भावाकडे होती. तो आमच्या माहेरच्या गावात, पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या खारात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, राहतो. वडील मिठागरावर होते, तो गाडीवर. त्याची सात माणसांची जुनी व्हॅन आहे. त्या व्हॅनमधून तो आसपासच्या गावांतली कंत्राटी माणसं डोलवीला कंपनीच्या गेटवर सोडायचा, फर्स्ट शिफ्टला पहिली खेप, मग सेकंडला दुसरी. हा रूट ठेकेदाराने दिलेला. गाडी एक दिवस चुकली तर चालून जायचं, दोन दिवस चुकली की रूट दुसऱ्याला. दारात गाडी लावून रूटची वाट बघणारे त्या पट्ट्यात पुष्कळ आहेत. भावाचं घर त्या रूटवर चालायचं, आणि हे मला पूर्ण ठाऊक होतं. रविवारी त्याची माणसं सुट्टीवर असायची, म्हणून तेवढा एक दिवस गाडी माझी.

पहिल्या रविवारी परत येताना मी पेट्रोल भरायला पंपावर थांबले. काटा जवळजवळ वरच होता. भावाने शनिवारीच टाकी फुल करून ठेवली होती. पुढच्या रविवारीही तेच. मी चिडून विचारलं तर म्हणाला, "पेट्रोल भरशील तर चावी खुंटीवर नाय मिळायची." म्हणजे फुकट न्यायची आणि फुकट आणून लावायची. मोठ्या बहिणीने. मला ते गिळवेना.

आमची आई शेजारणीकडून आणलेली वाटीसुद्धा कधी रिकामी परत करायची नाही. डाळ आणलेल्या वाटीत चार शेंगदाणे, ताकाच्या तांब्यात मूठभर तांदूळ, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आमच्या दारात मिठाच्या राशी असायच्या, पण मीठ मात्र द्यायचं नाही, मीठ हातावर दिलं की भांडण होतं म्हणे. त्यामुळे जगातली सगळ्यात स्वस्त वस्तू दारात पडलेली असूनही आई परत करायच्या वाटीत काय घालावं म्हणून डबे उघडत फिरायची. भांडी पोचवायला ती मलाच पाठवायची आणि दारातून बजावायची, "रिकामं नाय गो नेऊस." ते माझ्या हाडात मुरलंय. आता भांडं सात माणसांचं होतं, एवढाच फरक.

मार्ग पंपावरच्या माणसाने दाखवला. टाकी भरलेली बघून तो म्हणाला, "मॅडम, इंजीन ऑइल चेक करू का?" मी हो म्हटलं. त्याने बॉनेट उघडलं, गेज म्हणतात ती तेलाची लांब पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, परत काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल खालच्या खुणेच्या जरा वर होतं. "कमी आहे. टाकू?" मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा हो म्हटलं. पेट्रोल भरलं तर काटा चुगली करतो. तेल कुठे दिसतं? भावाच्या गाडीत मी काहीतरी घातलं होतं, आणि त्याला कळणारही नव्हतं.

नंतर मी ऑइलचा मोठा कॅनच आणून जिन्याखाली ठेवला. रविवारी अष्टमीहून आलो की ह्यांना आधार देऊन घरात बसवायचं, आणि गाडी गावाला सोडायच्या आधी गल्लीतच बॉनेट उघडायचं. पट्टी काढायची, पुसायची, बघायची. दर वेळी तेल कमीच दिसायचं. मग स्वयंपाकघरातलं जुनं नरसाळं लावून मी तेल ओतायची. शेजारणी गॅलरीतून बघायच्या आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. हे खिडकीत खुर्चीवर बसून बघायचे. त्यांना पूर्वी गाड्यांतलं थोडंफार कळायचं. एकदा त्यांनी डावा हात वर करून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मी खालून ओरडून म्हटलं, "आले, आले, चहा ठेवते." त्यांनी हात खाली घेतला.

तेल इंजीन गार असताना बघायचं असतं. गाडी धावून आलेली असली की तेल वर सगळीकडे पसरलेलं असतं, ते खाली उतरायला वेळ लागतो, तोवर पट्टी खोटं सांगते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी रोह्याहून भिसे खिंड उतरून, नागोठणे, वडखळ करत आलेल्या तापलेल्या गाडीची पट्टी बघत होते आणि दर रविवारी भर घालत होते.

मग गाडी गावाला नेऊन लावायची. भाऊ ओट्यावर वाट बघत बसलेला असायचा. मी चावी खुंटीवर ठेवायची ती अगदी ताठ मानेने. भावजय चहा आणायची, कधी भाजी बांधून द्यायची, आणि तिचा डबा मी पुढच्या खेपेला भरूनच परत करायची. तिचं बोलणं त्या दिवसांत जरा तुटक झालं होतं. मला वाटायचं, तिला आमचं गाडी नेणं खुपतंय. म्हणून मी तेल आणखी मन लावून घालायची. मग भाऊ मोटरसायकलवरून मला पेणला सोडायचा.

पावसाळा संपता संपता भावाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी अंथरूण धरायला लावलं. कंपनीच्या खेपा भावजयीचा चुलतभाऊ मारू लागला. तो फक्त स्टेअरिंग धरायचा, गाडीकडे बघणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मी म्हटलं, आता गाडीची काळजी आपणच घ्यायला हवी. आजारी भावाची गाडी आणि आपण ती फुकट वापरतोय. त्या रविवारी मी पट्टी न बघताच नेहमीपेक्षा जास्त तेल घातलं. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही.

गाडी बसली ती भिसे खिंडीत. आम्ही अष्टमीला निघालो होतो. चढाला लागल्यावर इंजीन घरघरू लागलं, गाडी दम लागल्यासारखी ओढायला लागली. मी गिअर खाली घेतला. मागे काय चाललंय ते मला दिसलं नाही, कारण मी आरशात बघत नव्हते, चढ बघत होते. ह्यांनी शेजारून माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "धूर."

झटक्यानंतर ह्यांच्या तोंडून निघालेल्या पहिल्या स्वच्छ शब्दांपैकी हा एक. दुसरी कुठलीही वेळ असती तर मी पेढे वाटले असते. आरशात रस्ता दिसत नव्हता, नुसता निळसर पांढरा लोट. समोर लाल दिवा लागला. मी कडेला घेऊन गाडी बंद केली आणि खाली वाकून बघितलं तर गाडीखालून तेल चढावरून मागे वाहत चाललं होतं. इतकं तेल की मला आधी कळेना ते कुठून येतंय.

गाडी ओढून रोह्याच्या गॅरेजला नेली. मेकॅनिकला घाई होती. त्याने बॉनेट वर केलं, पट्टी काढली, आणि हातातलं काम टाकून ती उजेडात धरली. वरच्या खुणेच्याही कितीतरी वर तेल, त्यावर साबणासारखा फेस. "वरपर्यंत भरलंय," तो म्हणाला. "प्रेशरने सील गेलं. इंजीन खोलावं लागेल, वेळ जाईल." त्याने कुणी भरलं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान तिथेच बोलून मोकळी झाले असते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते बाकावर बसून जमिनीकडे बघत होते. दर रविवारी खिडकीतून बघणारा हा एकच साक्षीदार होता, आणि त्याला साक्ष देता येत नव्हती. मी त्याला चहा ठेवते म्हणून गप्प केलं होतं.

अति तेथे माती ही म्हण मी शेकडो वेळा दुसऱ्यांना ऐकवली आहे. गॅरेजच्या बाकावर ती मला एकदाही आठवली नाही. मला आठवत होतं फक्त डोलवीचं गेट आणि तिथे उद्या सकाळी न पोचणारी माणसं.

सोमवारी ती माणसं मिळेल त्या वाहनाने गेली. मंगळवारी ठेकेदाराने दुसरी व्हॅन लावली. बुधवारी मी गावाला गेले, शेअर रिक्षाने. सांगून टाकायचं हे ठरवलं होतं, आणि तरीही पिशवीत पोह्याचे पापड आणि आवळ्याचा मुरंबा घेतलाच. मोकळ्या हातांनी जायचं धाडस झालं नाही.

भाऊ आत झोपला होता. भावजय मागच्या दारी गोठ्यात होती. एका हातात डबडं, दुसऱ्या हातात चिंधी, आणि ती गोठ्याच्या खांबांना तेल लावत होती. आमच्याकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून सगळेच लावतात, गाड्यांचं जळकं काळं तेल. गॅरेजवाले ते असंच देऊन टाकतात. गोठ्याचे खांब, फाटक, दाराच्या चौकटी, खारबांधावरच्या उघाडीची फळी, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून असते ती झडप, सगळं त्या काळ्या तेलाने काळंकुट्ट झालेलं असतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष खांबांकडे गेलं. ते काळे नव्हते. काकवीसारखे तांबूस होते, चकाकत होते. फाटकही. तिथून दिसणारी कोंबड्यांची खुराडीसुद्धा. कोपऱ्यात दोन प्लास्टिकचे डबे भरून ठेवले होते, त्यातही तेच तांबूस तेल.

"हे तेल तर नव्यासारखं दिसतंय," मी म्हणाले. मला खरंच कळलं नव्हतं.

तिने चिंधी डबड्यावर ठेवली. "तुमचंच हाय, ताय," ती म्हणाली. "दर रविवारचं."

तिने सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज रागाचा होता, पुढे पुढे तो नुसता थकल्यासारखा झाला. पहिल्याच सोमवारी भावाला कळलं होतं. फर्स्ट शिफ्टच्या आधी, गाडी गार असताना, पट्टी बघायची त्याची रोजची सवय. तेल खुणेच्या वर. त्याने गुरांच्या डॉक्टरकडून मोठी सिरिंज आणली, तिला बारीक नळी लावली, पट्टीच्या भोकातून आत सोडली आणि जास्तीचं तेल ओढून काढलं. मग दर सोमवारी पहाटे तेच. माणसं येऊन बसायच्या आत. "सारखं नवं पडतंय, तर काळं व्हायला सवड कुठाय त्याला?" ती म्हणाली. "आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यालापण लावून झालं. आता काय देवाला लावू?"

"मला सांगायचं नाही का गो?" मी म्हणाले.

"मी लय वेळा बोलले त्यांना, तायला सांगा. नाय म्हणायचे." तिने डोळे पदराने टिपले. "आजारपणात माझ्यापण ध्यानात नाय राहिलं. ह्यांचं तेल बंद, आणि गाडीचं चालूच."

काविळीत तेलकट बंद असतं. एरवी मी हसले असते. ती पण कदाचित हसलीच असती. तिचं तुटक बोलणं गाडीसाठी नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. रोज त्या खांबांकडे बघून ती गप्प राहत होती, माझ्यासाठी.

मला त्या गोठ्यात इतकी लाज वाटली की कुठे बघावं ते सुचेना. जिकडे बघावं तिकडे माझं तेल. मी काही घालतेय हे कुणाला कळत नाही असं समजून मी जेव्हा ताठ मानेने चावी खुंटीवर ठेवत होते, तेव्हा ओट्यावर बसलेल्या माझ्या भावाला ठाऊक असायचं की उद्या पहाटे आपल्याला उठायचंय. आणि तो मला मोटरसायकलवर बसवून पेणला सोडायला यायचा, वाटेत ह्यांच्या अंगठ्याची चौकशी करायचा.

आत गेले. तो जागा होता. चेहरा उतरलेला, डोळे अजून पिवळे. मला आधी रागच आला, माझी ती जुनी रीत. "तोंडाला काय झालं होतं तुझ्या?" मी म्हणाले. "एक शब्द बोलला असतास तर आज तुझा रूट गेला असता का?"

त्याने उशीवरून मान वळवली. "बोललो असतो तर तू गाडी नेली नसतीस," तो म्हणाला. "मग भावोजींचा हात राहिला असता तसाच."

मी म्हणाले, "नेली असती."

"नाय गो ताय," तो म्हणाला. "तू काय आहेस ते मला ठाव नाय का?"

खरं होतं. मी नसती नेली. तेल नको म्हणाला असता तर मी चावी परत केली असती, ह्यांना सांगितलं असतं की पेणचेही डॉक्टर चांगले आहेत, आणि स्वतःच्या मानीपणाचं कौतुक करत बसले असते. माझा मान राहावा म्हणून तो दर सोमवारी ती सिरिंज धरून बसला, आणि त्याचं मोल त्याच्या घराने भरलं. मी त्याच्या पायाशी बसले आणि रडले. तो म्हणाला, "पापड आणलेस का? मला चालतील का, विचार तिला." भाजलेला चालतो, असं भावजय दारातून म्हणाली.

रूट काही परत मिळाला नाही. बरा झाल्यावर भाऊ दुसऱ्याच्या व्हॅनवर सेकंड शिफ्टला चालवू लागला. त्याची स्वतःची गाडी दुरुस्त होऊन आली, पण आता ती बरेचदा दारात उभी असते. लग्नाचं भाडं, नाहीतर दवाखान्याचं. गाडी आल्यावर पहिल्या शनिवारी त्याने फोन केला. "ताय, चावी खुंटीवर हाय." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "ऐकतेस ना?"

मी गेले. ते सोपं नव्हतं. चावी उचलताना भावजय समोर होती, आणि ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "सावकाश जा." अष्टमीत ह्यांनी सगळी बोटं मिटून दाखवली, डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवताना रडत होते ते कशासाठी, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परत येताना पेणच्या गल्लीत मी गाडी थांबवली, ह्यांना घरात बसवलं. जिन्याखाली कॅन होता, अर्धा भरलेला. मी त्याच्याकडे बघितलं. हे खिडकीतून माझ्याकडे बघत होते. मी कॅन तिथेच ठेवून निघाले.

गावात पोचले तेव्हा भाऊ ओट्यावर होता. इंजीन गार होईपर्यंत आम्ही बोलत बसलो, म्हणजे तोच बोलत होता. मग तो उठला, बॉनेट उघडलं, पट्टी काढली, लुंगीच्या टोकाला पुसली, परत घातली, काढली. माझ्यासमोर धरली. तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये होतं, जिथे असायला हवं तिथे, मी काहीही न घालता.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

मी चावी खुंटीला लावली. माझ्या हातात पिशवी नव्हती, डबा नव्हता, काही नव्हतं. भावजयीने चहा आणला आणि मी तो प्यायले, मान खाली घालून.